म्हैस बांधायची नाही

"म्हैस बांध," धैर्या म्हणाला.

त्यानं हेल्मेट काउंटरवर असं आदळलं की काचेखालची रिचार्जची कार्डं जागची हलली. सकाळची वेळ होती. दुकान नुकतंच उघडलं होतं, मी अजून उदबत्तीसुद्धा लावली नव्हती.

"काच फुटली तर तुझ्या खिशातनं घेईन," मी म्हणाले.

"काचेचं सोड. रविवारी फायनल हाय. त्याच्या आधी म्हैस बांधायची. त्या चिंचेच्या पोरांची मस्ती उतरवायची हाय मला."

ऐकणाऱ्याला वाटेल आमचा दुधाचा धंदा असेल. नव्हता. कोल्हापुरात, गावातल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं गेमचं दुकान होतं. पोरं फोनवर खेळायला लागली त्याच्या आधीचे दिवस ते. दोन रांगांत कॉम्प्युटर मांडलेले, एक रांग खिडकीकडे, एक भिंतीकडे. पोरं सगळ्यात जास्त खेळायची तो युद्धाचा खेळ. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे नुसतं 'लढाई' म्हणत.

लढाईत दोन फौजा, खाकी आणि करडी. खाकीकडं हलकी बंदूक, पळता पळता झाडता येणारी, पण मार जवळचाच. ती शिलाई मशीनसारखी टिकटिक वाजायची म्हणून पोरांनी तिचं नाव शिलाई ठेवलं. करड्यांकडं जड मशीनगन. ती जमिनीवर पाय रोवून बसवायची, आणि एकदा सुरू झाली की समोरून येणारं काही उरत नसे. ती म्हैस. म्हैस बांधायची म्हणजे सर्व्हरमध्ये जाऊन तिच्या गोळीचा मार कमी करायचा. हे फक्त मला करता येत होतं. सर्व्हर माझा, पासवर्ड माझा.

धैर्या माझा धाकटा भाऊ, हौदाच्या तालमीचा म्होरक्या. तालीम म्हणजे आमच्याकडं कुस्तीपेक्षा गल्लीचं मंडळच जास्त. हौदवाले खाकीत खेळायचे, चिंचेच्या तालमीची पोरं करड्यांत. आणि हौदवाले सारखे मार खात होते.

"म्हैस काय देवाची हाय व्हय?" मी म्हणाले. "तिला बसवायला वेळ लागतो. बसवली की ती फक्त समोर बघते. खेळ बनवणाऱ्यांनी मुद्दाम तशी केलीय. ओढ्यातनं वाट आहे, मागून जा आणि धर. कितीदा सांगू?"

"पाठीमागनं वार आम्ही करत न्हाई."

"मग खा की गोळ्या."

"हौदाची तालीम हाय ही. जायचं तर छातीवर जायचं. मागनं जाऊन जिंकलो तर चिंचेची पोरं काय म्हणतील?"

"जिंकले म्हणतील. दुसरं काय म्हणणार? बरं, मग बाजू बदला. एक डाव तुम्ही करड्यात बसा, एक डाव ते बसतील. सगळीकडं असंच खेळतात. म्हैस दोघांनाही मिळेल."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला घर बदलायला सांगितलं.

"मी? करड्यात? त्यापेक्षा बांगड्या भरीन."

"मी भरल्यात. काही होत नाही त्यानं."

खरं सांगू? खाकी आणि करडं हे त्यांनी निवडलंसुद्धा नव्हतं. दुकान उघडलं त्या पहिल्या दिवशी हौदाची पोरं आली आणि वाऱ्याला म्हणून खिडकीकडं बसली. त्या रांगेला मी खाकी लावली होती. बस, एवढंच. पण आमच्या गावात माणूस एकदा एका बाजूला बसला की मेला तरी उठत नाही. वर्षभरात हौदवाल्यांनी खाकी टी-शर्ट शिवले, गाड्यांच्या टाक्या खाकी केल्या, गणपतीच्या मांडवाला खाकी कापड लावलं. चिंचेवाल्यांनी करडं. एका पोराची सोयरीक ठरली तर त्यानं आधी विचारलं, पोरीचा भाऊ कुठल्या फौजेत खेळतो. आता हसा, पण त्या पोरांना यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नव्हतं.

"ताई," धैर्यानं आवाज खाली आणला. "नीट सांगतोय तर ऐक. गोळीचा मार जरा कमी कर. निम्मा नको, जरा. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."

"नाही."

"का?"

"आज तुझ्यासाठी केलं तर उद्या चिंचेच्या पिंट्यासाठी करावं लागेल. मग हे दुकान राहत नाही, जुगाराचा अड्डा होतो. आणि कळलं तर ती पोरं दुकान फोडतील. नाही म्हणजे नाही."

त्यानं हेल्मेटचा पट्टा ओढला. मग म्हणाला, "दारात कोण उभं राहिलं हुतं गं तुझ्यासाठी?"

मी उदबत्तीचा पुडा उघडला.

"ज्या दारात उभा राहिलो तिथनं बाजूला व्हायला मला कितीसा वेळ लागतोय? दाजीचा नंबर अजून हाय माझ्याकडं."

आणि हेल्मेट उचलून तो निघून गेला.

दाजी म्हणजे शशिकांत, माझा नवरा. मिरजेचा. मी त्याच्या घरातनं निघून आले होते, आणि का आले ते माझ्या कोपरावर अजून दिसतं. तो दोनदा मला न्यायला आला. दुसऱ्यांदा मामा, चुलते, गाडी भरून घेऊन आला. अण्णा, माझे वडील, तेव्हा ओसरीवर बसून होते. "नांदायला जाणं हेच बरं," इतकं म्हणाले. धैर्या मात्र दारात आडवा झाला. मागं तालमीची पोरं. "ताई यायची न्हाई. ज्याला न्यायची हाय त्यानं मला उचलून न्यावं," म्हणाला. गाडी रिकामी परत गेली. त्या दिवशी मी त्याच्यासाठी शिरा केला होता, आणि तो खाताना मला रडू आवरलं नव्हतं.

म्हणून सकाळच्या त्या बोलण्यानं मला राग आला, पण रागापेक्षा भीती जास्त वाटली. धैर्या दारातून हलला तर माझ्याकडं दुसरं दार नव्हतं. अण्णांचं म्हणणं पहिल्यापासून ठरलेलं. आई अण्णांच्या पुढं बोलत नव्हती. कोर्टात फारकतीचा अर्ज टाकला होता, त्याची तारीख पुढं पुढं जात होती. मला परत मिरजेला जायचं नव्हतं, दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

दुपारी पिंट्या सावर्डेकर आला, चिंचेच्या तालमीचा. ह्याच्या तोंडात कायम बडीशेप आणि डोक्यात कायम संशय.

"तुमचा भाऊ सकाळी आल्ता म्हणं."

"माझा भाऊ आहे. येणारच."

"म्हशीला हात लागला न्हाई न्हवं?"

"कुणाच्याही म्हशीला हात लागलेला नाही."

"लागला तर आधीच सांगून ठेवतो," तो काउंटरवर बोट आपटत म्हणाला, "ह्यातलं एक बी कॉम्प्युटर चालू ऱ्हायचं न्हाई. तुम्ही बाईमाणूस म्हणून बोलणार न्हाई आम्ही. पण कॉम्प्युटर काय बाईमाणूस न्हाई."

"बोलून झालं असलं तर बाजूला हो. गिऱ्हाईक उभं आहे."

"आणि रविवारी डाव चालू असताना कोणी जाग्यावरनं उठायचं न्हाई. तुमच्या भावानं काउंटरकडं फिरकायचं न्हाई. त्याचं कानात बोलणं आम्हाला नको."

"बरं. तक्रार असेल तर हेडफोनवरनं माझ्याशी बोलायचं. दोघांनीही. जागेवरनं."

हे मी जागच्या जागी ठरवलं. तशी सोय खेळात होतीच. एक कळ दाबून खेळणारा पंचाशी बोलू शकायचा आणि ते फक्त पंचाच्या कानात येई. पंच मीच. कुणी फार शिव्या द्यायला लागला की मी एक बटण दाबून त्याचं बोलणं सगळ्यांच्या कानात सोडू शकत होते, म्हणजे त्याची त्यालाच लाज वाटावी. पोरांना हे ठाऊक होतं. तरी शिव्या थांबत नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

पिंट्याला ते पटलं. जाता जाता त्यानं भिंतीकडची एक खुर्ची दणकन टेबलाखाली सरकवली. त्याला वाटत असावं, दुकान त्याचंच आहे.

शनिवारी जेवताना घरात पुन्हा तोच विषय निघाला. धैर्यानंच काढला, आणि मुद्दाम अण्णांच्या देखत.

"अण्णा, ताईला सांगा. साधं काम हाय, करत न्हाई."

अण्णांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "काय काम?"

"एका बंदुकीचा मार कमी करायचा. कॉम्प्युटरातल्या. एक आकडा बदलायचा."

"मग दे की बदलून," अण्णा मला म्हणाले. "भाऊ आहे तुझा. खोटी बंदूक ती. त्यात तुझं काय जातंय?"

आईनं माझ्या ताटात आमटी वाढली आणि डोळ्यांनी खुणावलं, गप बस म्हणून.

काय जातंय? ते मी अण्णांना सांगू शकले नाही, कारण सांगायला लागले असते तर जेवण राहिलं असतं. लग्न झालं त्या महिन्यात शशिकांतनं माझ्याकडं फक्त फोन मागितला होता. नुसता बघायला. द्यायला काय जातंय, असं मलाही वाटलं होतं. मग माहेरी कधी जायचं ते तो ठरवायला लागला, मग माझ्या साड्या, मग मी कुणाशी बोलायचं ते. कोपरापर्यंत यायला त्याला दोन वर्षं लागली. सुरुवात अशीच, साध्या कामानं झाली होती. समोर धैर्या आमटीत भाकरी कुस्करत होता, आणि त्याचा चेहरा मला पहिल्यांदा शशिकांतसारखा दिसला. मला त्याची किळस आली.

"नाही करणार," मी म्हणाले.

"बघितलं?" धैर्या अण्णांना म्हणाला. "हिच्यासाठी मी अख्खी गाडी परत पाठवली."

"उपकार विसरू नये माणसानं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

रविवारी दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खेळणारे बसलेले, बघणारे त्यांच्या खुर्च्यांना लटकलेले, उरलेले जिन्यात. खिडकीकडं खाकी टी-शर्ट, भिंतीकडं करडे. दोन्हीकडून घोषणा चाललेल्या. पंखे पुरे पडत नव्हते. माझ्या काउंटरवर कप ठेवलेला, आणि त्याच्यावर सगळ्यांची नजर.

दोन डाव खेळायचे होते. बरोबरी झाली तर तिसरा.

पहिल्या डावात व्हायचं तेच झालं. पिंट्यानं टेकाडावर म्हैस बसवली. धैर्या आणि त्याची पोरं शिलाई घेऊन टेकाडासमोरून पळत सुटली. ओढ्याची वाट मोकळी पडलेली, तिथं कुणीही नाही. म्हैस हंबरली. खाकी आडवी. पुन्हा उठले, पुन्हा समोरून पळाले, पुन्हा आडवे. मी काउंटरवर हेडफोन लावून बघत होते आणि मनातल्या मनात ओरडत होते, अरे मागनं जा, मुडद्या, मागनं. शेवटी करड्यांनी एवढा दंगा केला की खालचा पानवाला वर बघायला आला.

"बांधली न्हाई वाटतं म्हैस," पिंट्या मोठ्यांदा म्हणाला. करडे हसले.

धैर्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. त्यानं फोनवर काहीतरी टाइप केलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

दुसरा डाव सुरू व्हायच्या आधी पोरांना पाणी प्यायला थोडा वेळ दिला होता. सगळे हेडफोन लावून जागेवर बसले होते. माझ्या कानात कळ दाबल्याचा खट्ट आवाज आला.

"ताई."

मी मान वर करून बघितलं. धैर्या माझ्याकडं पाठ करून बसला होता, माईक ओठांना लावून.

"दाजीला सकाळीच गावात बोलावलं हुतं. आता खाली आलाय. पानाच्या टपरीवर उभा हाय."

मी कानावरचा हेडफोन घट्ट दाबला.

"ऐकाय लागलीस न्हवं? डाव चालू व्हायच्या आत म्हैस बांधायची. बांधली तर मी खाली जाऊन त्येला वाटंला लावतो. न्हाई बांधली तर त्येला वर बोलावतो आणि घेऊन जा म्हणून सांगतो. अण्णांना मी विचारलंय. त्यांची हरकत न्हाई. ह्या टायमाला दारात कोण बी उभं ऱ्हायचं न्हाई. सांग लवकर."

खाली टपरीवर शशिकांत होता, हे खरं की खोटं हे बघायला मी खिडकीकडं जाऊ शकत होते. गेले नाही. तो असणारच हे मला धैर्याच्या आवाजावरून कळलं. सर्व्हरचं पान माझ्यासमोर उघडं होतं. म्हशीचा आकडा तिथंच होता. बदलायला खरंच काही लागत नव्हतं. मी बदलला असता तर त्या दिवशी मी वाचले असते, आणि पुढच्या प्रत्येक रविवारी माझ्या गळ्याला हाच दोर लागला असता.

मी आकड्याला हात लावला नाही. मी धैर्याचा आवाज सगळ्यांच्या कानात सोडला.

"परत सांग," मी माईकमध्ये म्हणाले. "नीट ऐकू आलं नाही."

"बहिरी झालीस काय?" धैर्याचा आवाज दोन्ही रांगांतल्या प्रत्येक हेडफोनमध्ये वाजला. त्याला कळलं नाही. "दाजी खाली उभा हाय. म्हैस बांध, न्हाईतर तुला त्याच्या गाडीत घालून देतो. मिरजेला जा आणि खा मार. पाठवायची जबाबदारी माझी."

हेडफोन लावलेली पोरं माना वळवून धैर्याकडं बघायला लागली. हेडफोन नसलेल्यांना काय झालं ते समजेना, ते एकमेकांना विचारायला लागले. धैर्यानं आधी समोर बघितलं, मग बाजूला, आणि मग सगळे त्याच्याकडंच बघत आहेत हे त्याच्या लक्षात आलं. तो झटकन वळून माझ्याकडं बघायला लागला. त्या नजरेत जे होतं ते मी कुणा भावाच्या डोळ्यांत बघितलेलं नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

पहिला हेडफोन संपतनं काढला. संपत धैर्याच्या शेजारी बसायचा, लहानपणापासूनचा त्याचा जोडीदार.

"त्या दिवशी तुमच्या दारात मी बी हुतो, धैर्या," तो म्हणाला. "माझ्या हातात काठी हुती. ताईला परत धाडायची ठरली ते मला कुणी विचारलं?"

"संपत, मधी पडू नको. घरातला मामला हाय."

"घरातला व्हय? मग त्या दिवशी आम्हाला कशाला बोलावलंतास?"

संपत उठला. त्यानं हेडफोन कीबोर्डवर ठेवला आणि खुर्ची मागं सरकवली. त्याच्या पलीकडचा उठला. मग आणखी एक. खिडकीकडची रांग उठून उभी राहिली, मधे एकटा धैर्या बसलेला.

भिंतीकडून पिंट्या बोलला. त्याच्या बोलण्यात माया वगैरे काही नव्हती. शत्रू सापडल्याचा आनंद होता, आणि तो त्यानं लपवला नाही.

"काय रं मर्दा! खेळात मागनं जायला तुला लाज वाटती. आणि घरात बहिणीच्या पाठीत?"

धैर्या उठून त्याच्या अंगावर धावला. मी ओरडले, "हात लावायचा नाही कुणी! माझ्या दुकानात नाही!" मला माझाच आवाज ओळखू आला नाही. पण दोघं थांबले. आणि तेवढ्यात, कुणी वर बोलवायची वाट न बघता, जिन्यातल्या गर्दीतनं वाट काढत शशिकांत दारात आला.

इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्याला आतलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं सगळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघून हसला. ते हसणं मला चांगलं ठाऊक होतं.

"चल," तो म्हणाला. "झाला तमाशा तेवढा पुरे."

मी काउंटरच्या मागनं बाहेर आले.

"मी येत नाही. आज नाही, कधीच नाही. जे बोलायचं ते कोर्टात बोल."

"तुला विचारलंय कुणी? तुझ्या भावानंच बोलावलंय मला." तो धैर्याकडं वळला. "सांग की रे हिला. तूच म्हणालास न्हवं, घेऊन जावा, आमची हरकत न्हाई?"

सगळे धैर्याकडं बघत होते. एक शब्द बोलायचा होता त्यानं. दाजी, जावा तुम्ही. इतकंच. तो बोलला असता तर मी त्याला त्याच दिवशी माफ केलं असतं. खरंच केलं असतं. तो शिराही पुन्हा केला असता. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

धैर्यानं मान खाली घातली, परत आपल्या खुर्चीत बसला आणि हेडफोनची वायर बोटाला गुंडाळायला लागला.

"पाव्हणं," पिंट्या म्हणाला, "हितं खेळायला आलायसा काय?"

"मी माझ्या बायकोला न्यायला आलोय."

"मग जिना चुकलायसा. बाई येत न्हाई म्हणाली न्हवं? आम्ही समद्यांनी ऐकलंय."

शशिकांतनं माझा हात धरायला हात पुढं केला. संपत मधे येऊन उभा राहिला. त्याच्या मागं एक खाकी पोरगा आला आणि त्याच्या शेजारी एक करडा. कुणी बोटसुद्धा लावलं नाही. दुकान उघडल्यापासून ती पोरं पहिल्यांदा एका ओळीत उभी होती, आणि तीही एकमेकांचा खांदा लागू नये एवढं अंतर ठेवून. शशिकांत त्यांच्याकडं बघत राहिला. मग किल्ली खिशात घालून जिन्याकडं वळला. जिन्यातल्या पोरांनी त्याला वाट दिली, पण एवढीशीच, की त्याला आडवं होऊन उतरावं लागलं.

दुसरा डाव झाला नाही. पिंट्या काउंटरवर आला आणि कप उचलला.

"पहिला डाव आम्ही जिंकलाय. कप आमचा."

"ने."

"आणि म्हशीचा मार हाय तेवढाच ऱ्हायला पायजे."

"तेवढाच आहे."

"बघून घेतो मी," म्हणाला आणि करड्यांना घेऊन घोषणा देत खाली उतरला. तो माणूस मला आधीही आवडला नव्हता, नंतरही आवडला नाही.

सगळे गेल्यावर धैर्या तिथंच बसून होता. मी एकेक कॉम्प्युटर बंद करत त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा तो बोलला.

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस मला."

"तू मला जिवंत ठेवणार नव्हतास."

"मी खरंच पाठवलं असतं असं वाटतं तुला? नुसता धाक हुता. भाऊ हाय मी तुझा."

"तुझ्या तोंडाला कुलूप होतं काय मग, तो समोर उभा असताना?"

त्यानं हेल्मेट उचललं आणि गेला. मी त्याची मशीन बंद केली.

घरी अण्णा वाट बघत होते. बातमी माझ्या आधी पोचली होती. "घरातलं चव्हाट्यावर मांडलंस," ते म्हणाले. मी म्हणाले, "चव्हाट्यावर मांडलं म्हणून राहिले. घरात ठेवलं असतं तर आत्ता मिरजेला असते." त्यांनी मला घराबाहेर हो म्हणायच्या आधी मीच पिशवी भरली. दुकानाच्या मागं खोकी ठेवायची खोली होती, तिथं राहायला लागले. आई गल्लीतल्या पोराच्या हातून डबा पाठवायची, अण्णांना न सांगता.

पुढं कोर्टात सुटका झाली. पोरं फोनवर खेळायला लागली तसे कॉम्प्युटर मी विकले, झेरॉक्सची मशीन आणली, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागले. धंदा बरा चालतो. संपत कधी कधी येतो, चहा पितो, त्याच्या पोरीचे दाखले काढून नेतो. धैर्याचं लग्न झालं, तालमीचा अध्यक्ष झाला. मी लग्नाला गेले नाही. रस्त्यात समोरून आला की तो पलीकडच्या बाजूला जातो. मी माझी बाजू सोडत नाही.

दर दिवाळीला आईचा फोन येतो. आता तिचा आवाज थकलाय. "पाट मांडलाय गं त्यानं. सकाळपासून आंघोळ करून बसलाय. तोंडानं म्हणत न्हाई, पण तुझीच वाट बघतोय. ये की, वृषाली. भाऊ एकच हाय तुला."

मी म्हणते, "आई, दुकानात गर्दी आहे."

गर्दी कसली? भाऊबीजेच्या दिवशी आमच्या अख्ख्या रस्त्यावर एक शटर वर नसतं. माझं असतं.